लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीला पट्ट्या कशा बसवाव्यात

लाकडी जहाजाचं किट घेतलेल्या बऱ्याच जणांचं काम डोलकाठीपर्यंत पोचतच नाही. ते त्याआधीच, पोटाला पट्ट्या लावताना अडतं. दोर आणि शिडं चुकली तर सोडून पुन्हा बांधता येतात. पट्टीचं तसं नाही. तिसरी तिरकी बसली की तेरावीपर्यंत प्रत्येक पट्टी तिच्याच मागे जाते.

पहिलं जहाज एका डोलकाठीचं घ्या. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, आणि तिची प्रतिकृती करायचा मोह आपल्याकडे हमखास होतो. पण १:९६ प्रमाणातही तिचा तोफांचा मजला जवळजवळ ४८ सेंमी भरतो, वर तीन डोलकाठ्या. तिला थोडं थांबू द्या. आणि करालच तेव्हा साग वापरू नका. जहाज लहान होतं, सागाच्या रेषा लहान होत नाहीत. शिवाय पातळ पट्टी वाकवताना तडकते. बासवुडची १.५ × ५ मिमी पट्टी उत्तम. बाल्सा फार मऊ, तो फक्त भरावाला.

सांगाडा. पठाण, म्हणजे तळाचा कणा, दोन ॲल्युमिनियम अँगलमध्ये आवळून सरळ ठेवा. आडवे बल्कहेड, म्हणजे कण्यावर आडव्या बसणाऱ्या, पोटाचा आकार देणाऱ्या फळ्या, गुण्यात तपासून फेव्हिकॉलने चिकटवा आणि रात्रभर सोडा. पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेजवळ, पहिल्या दोन बल्कहेडमध्ये बाल्साचे ठोकळे भरा, नाहीतर तिथे पट्टीला टेकायला जागाच नसते.

कडा उतरवणं. लांब काठीला १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवून एका वेळी किमान तीन बल्कहेडवरून फिरवा. मधल्या बल्कहेडना जवळपास काही लागत नाही, दोन्ही टोकांच्या कडा मात्र बऱ्याच तिरक्या होतात. पट्टी नुसती धरून पाहा: ती प्रत्येक कडेच्या पूर्ण रुंदीवर टेकली पाहिजे. एका कोपऱ्यावर टेकत असेल तर घासणं संपलेलं नाही.

मोजमाप. इथे घाई होते आणि इथेच जहाज बिघडतं. सर्वांत फुगीर बल्कहेडवर डेकच्या रेषेपासून पठाणापर्यंत कागदाची पट्टी गुंडाळून लांबी मोजा. समजा ६० मिमी आली, तर ५ मिमीच्या १२ पट्ट्या लागतील. आता नाळेशी मोजा. तिथे ३६ मिमी असेल, तर त्याच १२ पट्ट्या ३६ मिमीत बसवायच्या, म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाला ३ मिमीपर्यंत निमुळती करायची. ही निमुळती न करता पट्टी रुंदीच्या दिशेने जबरदस्तीने वाकवली की तिची एक कड उचलली जाते आणि पायऱ्या पडतात. रुंदी निम्म्याखाली, म्हणजे २.५ मिमीच्या आत जात असेल तर दोन पट्ट्यांच्या टोकाशी खाच मारून पुढे एकच न्या. मागच्या बाजूला उलट घडतं: तिथे जागा उरते, ती पाचरीच्या आकाराच्या तुकड्याने भरायची.

वाकवणं आणि चिकटवणं. पट्टी गरम पाण्यात २०–३० मिनिटं ठेवा. एक टोक बंद केलेला पीव्हीसी पाइप त्यासाठी पुरतो. मग सांगाड्यावर चिमट्यांनी आवळून पूर्ण वाळू द्या. ओली पट्टी आडवी फुगलेली असते. तशीच चिकटवली तर वाळल्यावर फटी पडतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात वाळायला दोन दिवसही लागतात, तेवढं थांबा.

पहिली पट्टी डेकच्या रेषेला. त्यानंतर एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूला चार लावल्यात तर कणा केळीसारखा वाकतो आणि नंतर सरळ होत नाही. पठाणालगतची पट्टी नाळेवर वर चढू देऊ नका, ती खालीच संपली पाहिजे. पितळी टाचण्या अर्ध्याच ठोका, वाळल्यावर उपटायच्या असतात.

दाखवायचं केव्हा? चार-पाच पट्ट्या झाल्या की, पूर्ण झाल्यावर नव्हे. छंदातल्या जाणत्यांना तीन फोटो पाठवा: नाळेसमोरून, बरोबर वरून, आणि तळाकडून पठाणाच्या रेषेत. शेजारी पट्टी (मोजायची) ठेवा. मोबाइल जवळ धरला तर नाळ फोटोत फुगलेली दिसते, म्हणून दीड मीटर मागे जाऊन झूम करा. ‘कसं झालंय?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘चौथी पट्टी दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर आहे का?’ असं विचारा, म्हणजे लोक फोटो मोठा करून बघतात.

चूक निघालीच, तर फेव्हिकॉलच्या सांध्यावर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, दहा मिनिटं थांबा आणि पातळ पात्याने पट्टी हळूच सोडवा. इन्स्टंट ग्लू वापरला असेल तर ॲसिटोन लागतं, आणि तेवढ्यात बल्कहेडची कडही बहुधा तुटते.