व्होल्ट आणि अँपिअरवरून वॅट आणि ओहम कसे काढायचे
फॉर्म्युले दोनच. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, वॅटमध्ये. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, ओहममध्ये. बस.

आता घरातला गिझर घ्या. मुंबईत सप्लाय 230 व्होल्टचा, क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजायचा मीटर, लॅमिंग्टन रोडला मिळतो) फक्त फेजच्या वायरला लावायचा, दोन्ही वायर एकत्र पकडल्या तर रीडिंग शून्यच येणार आणि मग लोक मीटरला शिव्या घालतात. डीबी (घरातला एमसीबीचा बॉक्स) उघडायची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या. समजा 8.7 अँपिअर दाखवलं, तर 230 × 8.7 = साधारण 2000 वॅट, आणि 230 ÷ 8.7 = साधारण 26.4 ओहम. म्हणजे 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर हा लावायचाच नाही, 16 वाला पाहिजे.

खरी गंमत पुढे आहे. व्होल्टेज 200 वर आलं तरी कॉइलचा रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो, त्यामुळे करंट पण पडतो, 200 ÷ 26.4 म्हणजे 7.6 अँपिअर, आणि पॉवर उरते जेमतेम 1500 वॅट. व्होल्टेज 13 टक्के कमी झालं आणि पॉवर पाव हिस्सा गेली, मग पाणी तापायला वेळ लागणारच ना.

पंखा, फ्रिज, एसीला हा हिशोब जसाच्या तसा लावू नका, तिथे पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरी पॉवर किती, ते प्रमाण) मध्ये येतो. जुना पिवळा बल्ब थंड असताना मोजला तर ओहम फारच कमी दिसतात, पेटल्यावर तेच दहापटीच्या वर जातात. आणि चालू लाईनवर मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रोब टेकवू नका प्लीज.