शंखाची नक्षी कापडावर कशी आणाल?

समुद्रजीवांवरून कापड करायचं म्हटलं की मासे आणि तारामासे छापून मोकळं व्हायचं, तेही बहुतेकदा पॉलिस्टरवर! दर धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात आणि सांडपाण्यातून काही समुद्रापर्यंत पोचतात. म्हणून चित्राआधी धागा ठरवा.

१. धागा

रोजच्या कपड्यांसाठी सेंद्रिय कापूस, लिनन किंवा लायोसेल (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) घ्या. जुन्या मासेमारीच्या जाळ्यांपासून केलेलं नायलॉन पोहण्याच्या कपड्यांना ठीक, पण तेही प्लास्टिकच. पुढची कृती सुती कापडासाठी आहे.

२. जीव

एकच निवडा आणि त्याची नक्षी कशी घडते ते बघा. ‘कोनस टेक्सटाइल’ या समुद्री गोगलगायीच्या शंखावर तपकिरी रंगात पांढरे त्रिकोण दाटलेले असतात. शंख कडेने वाढतो. तिथलं तिचं मऊ आवरण नवा थर जोडताना रंगही सोडत जातं, म्हणजे नक्षी मागावरच्या कापडासारखी ओळीओळीने पुढे सरकते. अभ्यास फोटोवरूनच करा. या गोगलगायीचा दंश विषारी असतो.

३. नक्षी

आलेख कागदावर पहिल्या ओळीत मनाला येतील त्या चौकटी रंगवा. पुढच्या ओळींसाठी नियम एकच: चौकटीच्या वरच्या ओळीतल्या डाव्या आणि उजव्या तिरक्या शेजाऱ्यांपैकी नेमकी एक रंगलेली असेल तरच ती रंगवायची. दोन्ही किंवा एकही नसेल तर कोरी. थोड्याच ओळींत लहानमोठे कोरे त्रिकोण दिसू लागतात. खऱ्या शंखाची हुबेहूब नक्कल होणार नाही, आणि ती हवीच कशाला?

कडेची चौकट आली की समोरच्या कडेची चौकट तिची शेजारी धरा, म्हणजे या नक्षीचे छपाईचे ठसे आडवे बिनजोड बसतात. वरखाली मात्र ते जुळणार नाहीत. तिथे नक्षी आरशातल्यासारखी वरखाली उलटवून जोडा. ठसे दोन कोरा: एक मूळ नक्षीचा, दुसरा उलटवलेला.

४. रंग

प्राचीन जांभळा रंग समुद्री गोगलगायींपासून काढत. १९०९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्रिडलँडर यांना १२,००० गोगलगायींमधून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळाला! प्रेरणा समुद्राची घ्या, रंग मंजिष्ठा या वनस्पतीच्या मुळांचा.

कापड सोडा-साबणात उकळून स्वच्छ करा, हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवा. डिंकात कालवलेल्या तुरटीने त्रिकोणांभोवतीचा भाग छापा, काही रेघा हिराकशीच्या (लोहाच्या क्षाराच्या) द्या. हिराकस बेतानेच, जास्त झाली तर कापूस कमजोर पडतो. छाप काही दिवस मुरू द्या, मग धुऊन कापड मंजिष्ठेच्या पाण्यात सोडा. तुरटीवर लाल आणि हिराकशीवर काळपट रंग एकाच पातेल्यात येतो. पाणी ६५ ते ७० अंशांवर ठेवा. उकळी आली की लाल तपकिरीकडे झुकतो. उरलेल्या पाण्यात फिकट छटेचं आणखी कापड निघतं.

५. तपासणी आणि कापणी

तुकडा पांढऱ्या कापडाबरोबर धुऊन बघा, ओल्या फडक्याने चोळा. डाग लागला तर पुन्हा खळखळून धुवा.

नक्षी वरखाली सारखीच असल्याने कपड्याचे भाग उलटसुलट मांडता येतात. कागदी साचे आधी जमिनीवर पसरून बसवा, मगच कात्री लावा.