सफारीसाठी सुपर टेलिफोटो लेन्स निवडताना या चुका टाळा

सफारी ठरली की पहिला प्रश्न असतो, "किती एमएमची लेन्स घेऊ?" आणि उत्तर बहुतेकदा मिळतं, "झेपेल तेवढी मोठी घे." (एमएम म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ; आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं.) या सल्ल्यामुळे अनेकांचे पैसेही जातात आणि फोटोही. प्राणी गाडीपासून साधारण किती अंतरावर दिसणार आणि त्या वेळी उजेड किती असणार, हे आधी पाहा. लेन्स त्यावरून ठरते.

नुसत्या एमएमच्या मागे लागणं

हिशोब सोपा आहे. फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, ३६ मिलिमीटर रुंद असतो. ३६ ला फोकल लेंग्थने भागा आणि अंतराने गुणा, म्हणजे फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते कळतं. ६०० एमएमला २० मीटरवर मावते फक्त १.२ मीटर. रस्त्यालगत आडवा उभा असलेला वाघ त्यात बसतच नाही. डोकं आणि खांदे येतात, मागचं शरीर कापलं जातं. तोच वाघ २०० एमएमला ३.६ मीटरच्या फ्रेममध्ये झाडीसकट येतो. उलट मोकळ्या गवताळ मैदानात चित्ता १०० मीटरवर असेल, तर ६०० एमएमलाही ६ मीटरची फ्रेम मिळते आणि चित्ता त्यात लहान दिसतो.

म्हणून दाट जंगलात, जिथे प्राणी अचानक आणि जवळ दिसतात, तिथे १००-४०० किंवा १००-५०० सारखी झूम लेन्सच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मोकळं मैदान आणि पक्षी यांच्यासाठी सोनीची २००-६०० किंवा निकॉनची १८०-६०० जास्त उपयोगी पडते. फिक्स्ड (झूम न होणारी) ८०० एमएम घेणाऱ्याने मिनिमम फोकस डिस्टन्सही, म्हणजे फोकस होण्याचं सर्वांत कमी अंतरही, पाहावं. कॅननच्या ८०० एफ/११ ला ते ६ मीटर आहे. त्याच्या आत आलेल्या प्राण्यावर फोकस होणारच नाही.

क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, फ्रेम आणखी अरुंद होते. ६०० ची लेन्स ९०० सारखी वाटते ती त्यामुळेच, पण जवळच्या प्राण्याची अडचणही तेवढीच वाढते.

अपर्चर शेवटी बघणं

प्राण्यांची हालचाल सर्वांत जास्त असते पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे उजेड कमी असताना. अपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं तोंड; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. एफ/४ ची लेन्स एफ/६.३ पेक्षा सुमारे अडीचपट प्रकाश आत घेते. जो फोटो एफ/४ ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० वर निघेल, त्याला एफ/६.३ वर ८००० लागेल. आजच्या कॅमेऱ्यांना ते झेपतं, त्यामुळे एफ/६.३ च्या झूमवर बिनधास्त जावं. एफ/११ मात्र पहाटेच्या जंगलात फार त्रास देते. ती भरउन्हासाठी ठीक.

टेलिकन्व्हर्टरचाही (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचं, फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग) असाच विचार करा. १.४x लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, जातो, २x ला दोन. एफ/६.३ च्या झूमवर २x लावला तर हातात एफ/१३ उरतं, आणि ऑटोफोकसही मंदावतो. कॅननच्या आरएफ १००-५०० वर टेलिकन्व्हर्टर लावल्यावर झूम ३०० च्या खाली येतच नाही, हेही घेण्याआधी माहीत हवं.

वजन गृहीत न धरणं

६०० एफ/४ लेन्स ३ किलोच्या आसपास भरते. तीन-चार तास गाडीत ती हातात पेलणं अवघड, आणि दाटीवाटीत ट्रायपॉड उघडता येत नाही. लेन्स टेकवायला बीनबॅग न्या; ती रिकामी नेऊन तिथे तांदूळ किंवा कडधान्य भरलं तरी चालतं. आफ्रिकेतल्या छोट्या विमानांत हातातली बॅग धरून सामानाची मर्यादा बऱ्याचदा १५ किलोच असते, तेव्हा तिकिटाचे नियम आधी वाचा.

फोटो शार्प नाही म्हणून लेन्सला दोष देणं

लेन्स बदलायला निघण्याआधी फोटो १०० टक्के मोठा करून नीट बघा. पुढचं गवत किंवा मागचं झाड शार्प असेल, तर फोकस चुकला आहे; लहान फोकस पॉइंट निवडा. कडा एकाच दिशेने दुहेरी दिसत असतील, तर लेन्स हलली आहे. इंजिन बंद करायला सांगा आणि शटर स्पीड वाढवा. झाडी स्थिर आणि शार्प, पण प्राणी पुसट असेल, तर प्राणी हलला आहे. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं, प्राण्याची धाव नाही. शटर स्पीड चालत्या प्राण्याला १/१००० सेकंद, उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास ठेवा.

आणि फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नसेल, कडा लाटांसारख्या वाकड्या दिसत असतील, तर ती तापलेल्या जमिनीवरची हवा आहे. दुपारी लांबच्या प्राण्यावर हे हमखास होतं, आणि कितीही महागडी लेन्स लावली तरी जात नाही. जवळ जाता आलं तर जा, नाहीतर ऊन उतरेपर्यंत थांबा.

फोकस सारखा पुढे-मागे धावत असेल, तर लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित ठेवणारं बटण) बघा. सोनीच्या २००-६०० वर तो १० मीटर ते अनंत असा लावता येतो. मग लेन्स जवळच्या फांद्यांवर अडकत नाही. प्राणी जवळ आला की मात्र तो लगेच 'फुल'वर आणायचा.