मंदिराच्या देणग्यांचा हिशोब बिघडतो कुठे? या चुका टाळा

सप्टेंबर जवळ आला की माझ्याकडे फोन सुरू होतात. "भाऊ, ऑडिटरने कागद परत पाठवलेत, जरा बसता का आमच्यासोबत?" मग एक पिशवी येते, पिशवीत चार पावती पुस्तकं, दोन अर्धवट वह्या, मांडववाल्याचं बिल, रबर लावलेल्या चिठ्ठ्या आणि खजिनदारांची डायरी, जिच्यात देवाचे पैसे आणि घरचा किराणा एकाच पानावर. गावाकडच्या देवस्थानांचे हिशोब लावून द्यायचं काम बरीच वर्षं करतोय आणि खरं सांगतो, पैसे खाणारी माणसं फार कमी भेटली, पण पैसे आले त्याच दिवशी लिहायचा कंटाळा करणारी जवळपास सगळीच. पैसा हातात पडला की बँकेत पोचेपर्यंत मधे जी वाट आहे ना, सगळी गडबड तिथेच होते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मधल्यामधे खर्च. समजा उत्सवाला १,८०,००० रुपये जमले. मांडववाला दारात उभा, त्याला त्यातलेच ६०,००० देऊन टाकले, उरलेले १,२०,००० बँकेत भरले आणि वहीत लिहिलं "देणगी जमा १,२०,०००". कोणी एक रुपया खाल्लेला नाही. पण पावत्यांची बेरीज १,८०,००० येते आणि वहीत दिसतात १,२०,०००, मग गावात चर्चा सुरू, साठ हजार गेले कुठे. मांडवाचा खर्चही वहीत नाही, म्हणजे बिल असून उपयोग नाही. असं झालं असेल तर दुरुस्ती सोपी आहे, जमेला पूर्ण १,८०,००० दाखवा, खर्चाला ६०,००० बिलासकट दाखवा, दोन्ही बाजू वहीत आल्याच पाहिजेत. आणि पुढच्या वेळेपासून आलेली रोकड आधी पूर्ण बँकेत, मग चेक. किरकोळ खर्चाला चार-पाच हजार हातात ठेवायचे असतील तर तसा ठराव करून ठेवा.

याचंच दुसरं रूप टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधे दिसतं. कॅश बुक उघडलं की एखाद्या तारखेला रोख शिल्लक उणे. अहो गल्ल्यात उणे पैसे कसे असतील? याचा अर्थ खर्च त्या तारखेला लिहिलाय आणि जमा मागाहून, किंवा कोणीतरी स्वतःच्या खिशातून दिलेत आणि त्याची नोंद नाही. उणे शिल्लक दिसली की आकडा जुळवत बसू नका, त्या आठवड्यातल्या पावत्या काढा, नव्वद टक्के वेळा उत्तर तिथेच सापडतं.

पावती पुस्तकांबद्दल थोडं सविस्तर बोलतो कारण इथे लोक फारच निवांत असतात. प्रेसमधून वीस पुस्तकं छापून आली की वाटप होतं, दोन याच्याकडे, तीन त्याच्याकडे, एक मुंबईला राहणाऱ्या पाहुण्यांकडे, आणि वर्षअखेरीला सतराच परत. उरलेल्या तीन पुस्तकांत काय फाडलं गेलं ते देवालाच माहीत. म्हणून पुस्तकांचं एक साधं रजिस्टर ठेवा, कुठला नंबर ते कुठला नंबर, कोणाला दिलं, तारीख, सही, परत कधी आलं. पावती चुकली तर फाडून फेकायची नाही, दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवून वर "रद्द" लिहायचं. पुस्तक खरोखर हरवलं तर पोलिसांत तक्रार, विश्वस्तांचा ठराव आणि त्या नंबरांच्या पावत्या ग्राह्य नाहीत अशी सूचना देवळाच्या फळ्यावर. मागची तारीख टाकून नवीन पुस्तकात सगळं उतरवून काढायचा सल्ला देणारा एक हुशार प्रत्येक गावात असतो, त्याचं ऐकू नका, एकाच हस्ताक्षरात एकाच पेनने लिहिलेल्या चाळीस पावत्या ऑडिटरला लांबूनच ओळखू येतात.

आणि पावतीवर देणगी कशासाठी ते लिहा. सर्वसाधारण, अन्नदान, जीर्णोद्धार, कायम निधी (म्हणजे मूळ रक्कम न मोडता राखून ठेवायची देणगी), जे असेल ते. जीर्णोद्धाराला म्हणून दिलेले पैसे लाऊडस्पीकरवर खर्च झाले की भांडण ठरलेलं. कायम निधीचं तर फारच महत्त्वाचं, कारण देणगीदाराने तसं लेखी दिलेलं नसेल तर इन्कम टॅक्सवाले ती साधी देणगी धरतात आणि मग तिच्यातले ८५ टक्के ट्रस्टच्या कामावर वापरण्याचा नियम तिलाही लागू. बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीला पैसे उरले की "टाका कायम निधीत" असं होतं. तसं चालत नाही, देणाऱ्याची इच्छा देतानाच कागदावर हवी. हे पैसे ठेवायचे कुठे यालाही नियम आहे, महाराष्ट्राच्या धर्मादाय कायद्याच्या (सार्वजनिक ट्रस्टसाठीचा कायदा) कलम ३५ मधे यादी आहे, शेड्यूल्ड बँक, पोस्ट वगैरे. जास्त व्याज देते म्हणून गावातल्या पतसंस्थेत एफडी करतात, ती या यादीत बसत नाही. विश्वस्तालाच "हातउसने" दिलेल्या पैशांबद्दल तर बोलायलाच नको.

आता दानपेटी. एका देवस्थानात पेटी उघडताना मी बसलो होतो, सतरंजीवर नाण्यांचा ढीग, पोरं दहाच्या नोटा सरळ करतायत, फाटक्या नोटा एका ताटात, एक चांदीचा पाळणा निघाला तो हातोहात फिरतोय, आणि मोजलेलं लिहून घेणारा माणूस चहा आणायला गेलेला. दीड तासाने आकडा सांगितला तो कोणाच्यातरी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरचा. यात चोरी काहीच नव्हती, पण उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागद नाही. पेटीला दोन कुलपं, चाव्या दोन वेगवेगळ्या विश्वस्तांकडे. उघडायची तारीख आधी फळ्यावर. मोजणीला किमान तीन-चार जण, त्यात एक-दोन विश्वस्त नसलेले भाविक. पंचनाम्यात ५०० च्या किती, २०० च्या किती, नाणी किती, फाटक्या किती असं सुटं सुटं लिहायचं, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि तोच आकडा जशाच्या तसा त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत. स्लिप पंचनाम्याला टाचून ठेवायची. सोनं-चांदी असेल तर सराफाकडून वजन आणि शुद्धता लिहून घ्या आणि दागिन्यांच्या रजिस्टरमधे चढवा, "पिवळ्या धातूची अंगठी १" असं मोघम नको.

पेटीतल्या पैशांवरून अजून एक विचित्र उद्योग चालतो. कोणीतरी सांगितलेलं असतं की निनावी देणगीवर ३० टक्के टॅक्स बसतो, मग घाबरून पेटीतले पैसे गावातल्या पन्नास नावांवर वाटून खोट्या पावत्या फाडतात. त्यातले दोघं वारलेले असतात. गरजच नसते हो याची! हा टॅक्स आहे खरा, जुन्या आयकर कायद्यात ११५बीबीसी म्हणून कलम होतं, पण पूर्णपणे धार्मिक ट्रस्टला ते लागत नाही. धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही कामं करणाऱ्या ट्रस्टलाही लागत नाही, फक्त त्या ट्रस्टच्या शाळेसाठी किंवा हॉस्पिटलसाठी म्हणून दिलेली निनावी देणगी असेल तर लागतो. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या केसमधे मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२४ मधे हेच धरलं, संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, त्यामुळे पेटीतल्या गुप्तदानावर हा टॅक्स नाही. फक्त धर्मादाय असलेल्या संस्थेला मात्र एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, जे जास्त असेल त्याच्या वरच्या निनावी रकमेवर भरावा लागतो. तेव्हा गुप्तदान हे गुप्तदान म्हणूनच लिहा, आणि आपला ट्रस्ट कुठल्या प्रकारात येतो ते ट्रस्टच्या घटनेत आधी वाचा.

८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट देणारं जुन्या कायद्यातलं कलम. हा शब्द पावतीवर छापायची हौस फार. पण ८०जी मुळात धर्मादाय कामासाठी आहे, निव्वळ धार्मिक ट्रस्टला ते मिळत नाही आणि ज्याला मिळालंय त्याने धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत राहायचं असतं. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या काही प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीसाठी वेगळी सोय आहे, ती सगळ्यांना नाही. प्रमाणपत्र नसताना पावतीवर ८०जी छापलं की देणगीदार रिटर्नमधे सूट मागतो, त्याला नोटीस येते आणि तो देवस्थानच्या नावाने बोटं मोडतो. ज्यांच्याकडे खरोखर प्रमाणपत्र आहे त्यांची वेगळी चूक, पॅन नीट न घेणं. देणग्यांचं स्टेटमेंट ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरावं लागतं, आतापर्यंत ते १०बीडी या फॉर्मवर होतं, आणि त्यावरूनच देणगीदाराला सूट मागायचं प्रमाणपत्र (आतापर्यंत १०बीई) मिळतं. पॅनमधे एक अक्षर चुकलं की त्याची सूट अडकली. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. २,००० च्या वरच्या रोख देणगीला ८०जी नाही आणि वस्तूरूपाने दिलेल्या देणगीलाही नाही, तांदळाची पोती दिली तरी. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे जुन्या पावत्यांवर छापलेले नंबर एकदा सीएला दाखवून घ्या.

रोख घेतानाची आणखी एक मर्यादा लोक विसरतात. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही. "शेठ पाच लाख देतायत, तीन पावत्या करा" हे प्रसंगाच्या नियमात अडकतं, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो. चेक घ्या, विषय संपला.

क्यूआर कोडने काम सोपं झालं असं वाटतं ना, पण हिशोबवाल्यांचं वाढलंय. पहिली चूक म्हणजे क्यूआर कुणा कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा, "ट्रस्टचं खातं चालू होईपर्यंत" म्हणून लावलेला आणि दोन वर्षं तसाच. तो आजच काढा, आलेले पैसे यादीसकट ट्रस्टच्या खात्यात वळवा. दुसरी, पैसे आले पण कोणाचे तेच कळत नाही, स्टेटमेंटवर नुसता आयडी. आणि तिसरी, माणसाने यूपीआयने पैसे दिले, टेबलावरच्या पोराने पावतीवर "रोख" लिहिलं, म्हणजे एकच देणगी दोनदा जमा आणि मग रोकड कमी भरते. उपाय एकच, पावतीवर यूपीआय व्यवहाराचा नंबर लिहायचा आणि दर महिन्याला बँक स्टेटमेंट आणि पावत्या समोरासमोर ठेवून टिक मारायच्या. उरलेल्या रकमा "ओळख न पटलेल्या" म्हणून वेगळ्या दाखवा, त्यांच्यावर बळंच नावं चिकटवू नका. आणि देवळातला क्यूआर रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव बघायची सवय ठेवा, वर दुसरा स्टिकर चिकटवायला कितीसा वेळ लागतो.

परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दल मोठा गैरसमज आहे. गावचा मुलगा दुबईत आहे, पासपोर्ट भारताचा आहे, त्याने स्वतःच्या कमाईतून दिलं तर ती परदेशी देणगी नाही. पण तोच मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी त्याचे पैसे परदेशीच, त्याने इथे येऊन रुपयात दिले तरी. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणायचं. अवघड जातं, कारण नेमका तोच सगळ्यात मोठा आकडा देणार असतो.

बारीकसारीक अजून दोन-तीन. कळसाच्या बोलीत कोणी ५१,००० बोललं की लगेच जमेला लिहू नका, हातात येईपर्यंत ती फक्त बोली आहे, वेगळ्या यादीत ठेवा (बोलून विसरणारे दरवर्षी असतात, नावं मला तोंडपाठ आहेत). पाटीवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहिलं तर जीएसटीचा प्रश्न येत नाही, पण दुकानाचा पत्ता, फोन आणि "एकदा अवश्य भेट द्या" आलं की ती जाहिरात झाली. नोंदणी नसलेलं उत्सव मंडळ वर्गणी गोळा करत असेल तर धर्मादाय कायद्याच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्यायची, नंतर हिशोबही द्यायचा. आणि देणगीदारांची यादी पॅन नंबर, मोबाइलसकट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती, नाव आणि रक्कम पुरते, तेही ज्याला चालतं त्याचंच.

शेवटचं म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. एका देवस्थानात अध्यक्ष वारून चार वर्षं झाली होती, धर्मादायच्या रेकॉर्डला तेच अध्यक्ष, बँकेत सही त्यांचीच, आणि जीर्णोद्धाराचे जमलेले पैसे खात्यात अडकलेले. गवंडी रोज येऊन विचारायचा, आणि खजिनदार मला. शेवटी जुने ठराव शोधून, मृत्यूचा दाखला जोडून रिपोर्ट दाखल केला, तो मंजूर होईपर्यंत अख्खा पावसाळा गाभाऱ्यावर ताडपत्री होती.