लेहच्या विरळ हवेत चेनसॉ कशी लावावी

पुण्यात किंवा नाशकात उत्तम चालणारी पेट्रोलची चेनसॉ लेहला नेली, की ती काळा धूर ओकू लागते, रेस घेत नाही आणि लाकडात शिरताच गुदमरून बंद पडते. तिथे तोडायचे लाकूड बहुतेक वेळा मलचांग आणि यूलत, म्हणजे विलो आणि पॉप्लर यांचेच असते. ते मऊ असल्यामुळे दोष लाकडावर ढकलता येत नाही. यंत्रही बिघडलेले नसते. लेहच्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरते, परंतु साध्या कार्ब्युरेटरच्या जेटमधून ओढले जाणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही, ते घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. हवा ३० टक्के कमी आणि पेट्रोल जेमतेम १६ टक्के कमी, असा हिशेब झाल्यावर मिश्रण जाड, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलचे, होणारच.

एक गोष्ट आधीच मान्य करावी. कार्ब्युरेटर कितीही अचूक लावला तरी गेलेली ताकद परत येत नाही. ५० सीसीचे इंजिन तिथे ३५ सीसीसारखे काम करते. म्हणून १८ इंची पाते उतरवून १४ किंवा १६ इंची चढवावे आणि साखळीला नेहमीपेक्षा लवकर कानस मारावी. बोथट साखळीने कापत राहून इंजिनाला दोष देणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

पेट्रोल आणि टू-टी ऑइल यांचे प्रमाण उत्पादकाने दिले असेल तेच ठेवावे. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. खालून भरून आणलेला कॅन तांगलांग लासारख्या खिंडी ओलांडताना फुगतो, त्यामुळे त्याचे झाकण सावकाश आणि यंत्रापासून दूर उघडावे.

आता मुख्य काम, कार्ब्युरेटरचे. याच टप्प्याने मला सर्वांत जास्त छळले आहे आणि चुकीचा सल्लाही सर्वांत जास्त याच टप्प्याबद्दल मिळतो. स्क्रूला हात लावण्यापूर्वी एअर फिल्टर धुऊन वाळवावा, साखळीला धार लावावी आणि इंजिन काही मिनिटे प्रत्यक्ष लाकूड कापून तापवावे, कारण थंड इंजिनावर लावलेला कार्ब्युरेटर दहा मिनिटांत बदललेला वाटतो. त्यानंतर इंजिन बंद करून एच (पूर्ण रेसचे मिश्रण लावणारा) आणि एल (कमी रेसचे मिश्रण लावणारा) हे दोन्ही स्क्रू अलगद, बोटांच्या जोराने, घड्याळाच्या दिशेने टेकेपर्यंत फिरवावेत, किती फेरे बसले ते कागदावर लिहावे आणि तेवढेच फेरे परत सोडावेत. हा कागद हरवू नये. स्क्रू टेकल्यावर जोर लावला तर त्याचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात, आणि मग कोणतीही जुळणी टिकत नाही.

आधी एल लावावा, जेणेकरून ट्रिगर दाबताच इंजिन न अडखळता रेस घेईल. मग आयडलिंगचा स्क्रू असा ठेवावा की साखळी जागेवर स्थिर राहील. एच शेवटी. तो घड्याळाच्या दिशेने एका वेळी एक अष्टमांश फेराच फिरवावा, दोन-तीन सेकंद पूर्ण रेस देऊन आवाज ऐकावा आणि ट्रिगर सोडावा. जाड मिश्रणाचा आवाज फडफडता, तुटक असतो. मिश्रण पातळ होत जाते तसा तो स्वच्छ होतो आणि शेवटी किंचाळल्यासारखा चढतो. त्या किंचाळण्यापर्यंत जायचे नाही. बिनभाराने थोडी फडफड आणि पाते लाकडात शिरताच स्वच्छ, सलग आवाज, ही खूण मिळाली की थांबावे, आणि नंतर एक अष्टमांश फेरा उलटा, म्हणजे जाडीकडे, द्यावा. ही शेवटची पायरी मी कधीही गाळत नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, उष्णता वाढते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. थोड्या जाड मिश्रणाने प्लग काळा होतो. पातळ मिश्रणाने सिलिंडर जातो.

इथे एक फसगत आहे. अनेक नव्या इंजिनांत इंजिनाचे फेरे (वेग) मर्यादेत ठेवणारे इग्निशन असते आणि तेही पूर्ण रेसला तशीच फडफड करते. कानावर विसंबून एच तिथेच ठेवला तर मिश्रण पातळच राहू शकते. अशा यंत्राला इंजिनाचे फेरे मोजणारा टॅकोमीटर लावावा आणि पुस्तिकेतील कमाल बिनभार फेऱ्यांच्या खालीच राहावे; ती मर्यादा डोंगरावरही बदलत नाही. स्टिलची एम-ट्रॉनिक किंवा हुस्क्वर्नाची ऑटोट्यून प्रणाली असलेली यंत्रे मिश्रण आपोआप जुळवतात. त्यांच्यावर पेचकस चालवण्याचे कारणच नाही.

एअर फिल्टर काढून चालवा, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. लडाखची बारीक धूळ सिलिंडर घासून काढते. तेल वाढवल्याने ताकद येत नाही, उलट तेवढ्याच द्रवात पेट्रोल कमी जाते. महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोलही व्यर्थ आहे, कारण विरळ हवेत सिलिंडरमधला दाब आधीच उतरलेला असतो.

बहुतेकांना वाटते, की हा प्रश्न फक्त उंचीचा आहे आणि एकदा लावले की झाले. प्रश्न घनतेचा आहे, आणि घनता तापमानाबरोबरही बदलते. लेह विमानतळाची उंची १०,६८२ फूट, पण उन्हाळ्यात दुपारी पारा ३० अंशांवर गेला की तिथली हवा सुमारे १५,००० फुटांवरच्या प्रमाण, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी, हवेइतकी विरळ होते. तिथली प्रवासी विमाने मुख्यतः सकाळीच ये-जा करतात, त्यामागे दुपारच्या वाऱ्यांबरोबर हेही कारण आहे. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानात वैमानिकाच्या हाताशी मिश्रणाचा दांडा असतो. वर जाताना तो मिश्रण पातळ करतो आणि उतरताना पुन्हा जाड करतो. चेनसॉवाल्याकडे दांडा नाही, पेचकस आहे, आणि उतरताना तो वापरायचे नेमके राहून जाते.

लेहमध्ये लावलेली करवत तशीच पुण्यात चालवली, तर तिला गरजेपेक्षा सुमारे सातवा हिस्सा पेट्रोल कमी मिळते. सुरुवातीला ती झकास, चपळ चालते, म्हणूनच माणूस फसतो. खाली निघण्यापूर्वीच, यंत्र गाडीत चढवण्याआधी, कागदावरचे जुने फेरे परत द्यावेत. आणि खाली न उतरतासुद्धा हाच धोका असतो: जुलैच्या दुपारी ३० अंशांत लावलेले यंत्र जानेवारीच्या सकाळी उणे १५ अंशांत सुरू केले, तर त्याच जागची हवा सुमारे १७ टक्के अधिक घन झालेली असते. हिवाळ्यात एच किंचित सोडावा.

सुरू करताना चोक एकदाच द्यावा आणि पहिला फटका बसताच काढावा. इथे प्लग लवकर ओला होतो, म्हणून एक कोरडा प्लग खिशात असू द्यावा. थंडीत साखळीचे तेल घट्ट होते, पातळ दर्जाचे वापरावे.

पोहोचल्यावर पहिले दोन दिवस करवत उचलू नये. कमी प्राणवायूत हात आणि निर्णय दोन्ही मंदावतात. शेडच्या आत इंजिन चालवणे कुठेही वाईट, तिथे तर कार्बन मोनॉक्साईड लवकर भोवतो. काम संपल्यावर साखळी सैल करून ठेवावी, कारण रात्रीच्या थंडीत ती आखडते आणि ताण थेट क्रँकशाफ्टवर येतो; सकाळी सुरू करण्यापूर्वी ती पुन्हा ताणून घ्यावी.