गाडी मनासारखी सजवता येईल असा स्ट्रीट रेसिंग गेम कसा निवडायचा

राजेहो, स्ट्रीट रेसिंगचा गेम घ्यायचा आहे आन् त्यात गाडी पाहिजे तशी मॉडिफाय करता आली पाहिजे, असं ज्याले वाटते त्यानं ट्रेलर पाहून गेम घेऊ नये. ट्रेलरमंदी सगळ्याच गाड्या चमकतात. यूट्यूबवर गेमचं नाव टाकून पुढे कस्टमायझेशन लिहा, एकेक पार्ट बदलून दाखवणारे व्हिडिओ भेटतात, १४४पी वर पाहिला तरी काम भागते. त्यात पाहायचं हे की सुरवातीच्या स्वस्त गाडीले किती बंपर, किती बोनट, किती स्पॉयलर आहेत. पोस्टरवरच्या गाडीवर कंपनी मेहनत घेतेच, पण साध्या हॅचबॅकले पण भरपूर पार्ट असन तं समजा गेम बनवणाऱ्याले गाड्यांची खरी आवड आहे.

आता जुनं पण सोनं म्हणजे नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २, २००४ चा. मी तं आजही पहिलं नाव ह्याचंच घेतो. निऑन (गाडीखालचे रंगीत दिवे), हायड्रॉलिक्स (गाडी वर-खाली उचलणारी सोय), वर उघडणारे दरवाजे, स्पिनर (गाडी थांबली तरी फिरत राहणारे रिम), डिक्कीत स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर कुठं ठेवायचा ते पण आपणच ठरवायचं! आन् मेनूत बटण दाबलं की झालं असं नाई, बेव्ह्यू शहरात गाडी घेऊन फिरायचं, बॉडीचं दुकान वेगळं, पेंटचं वेगळं, परफॉर्मन्सचं वेगळं, काही दुकानं तं शोधल्याशिवाय नकाशावर दिसतच नाईत. गाडी जितकी सजवली तितके स्टार वाढतात, मंग मॅगझिनच्या कव्हरसाठी फोटो काढायले बोलावतात आन् टायमात तिथं पोचा लागते. म्हणजे सजवण्याले गेममंदी किंमत आहे. २५६ एमबी रॅमवाल्या कॉम्प्युटरसाठी बनलेला गेम हा, त्यामुळे घरी जुना डबा असला तरी पळते. ऑनलाइन दुकानात आता भेटत नाई, जुनी ओरिजिनल सीडी कोणाकडे असन तं पाहा. नव्या स्क्रीनवर चित्र चौकोनी येते, त्याले वाइडस्क्रीन फिक्स, म्हणजे चित्र रुंद करणारी छोटी फाइल, टाका लागते.

ह्याच मालिकेतले पुढचे गेम पाहू. २००५ चा मोस्ट वाँटेड पोलिसांच्या पाठलागासाठी भारी आहे, पण सजवायले त्यात निऑन पण नाई, म्हणून ह्या कामासाठी तो घेऊ नका. २००६ च्या कार्बनमंदी ऑटोस्कल्प्ट आहे, बंपर-स्पॉयलरचा आकार आपण ओढून बदलवू शकतो, ते लय मस्त.

बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड आन् ८ जीबी रॅम असन तं २०१९ चा नीड फॉर स्पीड हीट घ्या. दिवसा रेस मारली की पैसा, रात्री मारली की नाव, आन् रात्री पोलीस मागं लागतात. गाडीचं इंजिनच बदलता येते, सस्पेन्शन, टायर, डिफरेन्शियल (चाकांमंदी ताकद वाटणारा भाग) जसे लावले तशी गाडी ड्रिफ्टची (घसरवत वळवायची) का रेसची, डांबरी रोडची का मातीच्या रस्त्याची ते ठरते. म्हणजे निव्वळ रंगरंगोटी नाई, चालवतानी हाताले फरक समजते. सायलेन्सरचा आवाज पण सेट करता येते, रेस संपल्यावर मी त्यातच जास्त वेळ घालवतो. २०२२ च्या नीड फॉर स्पीड अनबाउंडमंदी पूर्ण बंपर काढून गाडी उघडी फिरवता येते, पण त्याले मशीन अजून दमदार पाहिजे. फोर्झा होरायझन ५ मंदी ५०० च्या वर गाड्या आहेत, स्टिकरचं काम तं अफाट, पण मेक्सिकोच्या मोकळ्या रानातल्या जत्रेसारखा आहे तो, रात्रीच्या गल्लीतली मजा त्यात नाई.

आता आपल्याकडची खरी अडचण, नेट आन् लाइन. २०१५ चा नीड फॉर स्पीड नेटशिवाय चालतच नाई, त्यामुळे गावात राहत असाल तं त्याच्या नादी लागू नका. हीट एकट्यानं सोलोमंदी खेळता येते. पण त्याले ५० जीबी जागा लागते, रोजचे २ जीबी भेटत असले तं दुसरं काहीच न पाहता उतरवायले लय दिवस लागतीन. त्यापेक्षा अमरावती-नागपूरले ज्याच्याकडे फायबर आहे त्या मित्राकडे लॅपटॉप नेऊन आपल्याच अकाउंटवर उतरवून आणा. स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान, त्यात बॅकअपची सोय आहे, एक कॉपी हार्ड डिस्कवर ठेवजा म्हणजे विंडोज उडाली तरी पुन्हा डेटा जाळा लागत नाई. डेस्कटॉप असन तं यूपीएस पाहिजेच, भर रेसमंदी लाइन गेली की ती रेस गेली.

मोबाइलवरच खेळत असाल तं कारएक्स स्ट्रीट पाहा, बॉडीकिटही आहेत आन् ट्युनिंगही. नीड फॉर स्पीड नो लिमिट्समंदी गेममधलं पेट्रोल संपलं की थांबा लागते आन् गाडीसाठी ब्लूप्रिंट (गाडी उघडायचे तुकडे) जमवत बसा लागते, पोट्टे तिथंच रिचार्जचे पैसे घालतात, म्हणून मी तो कोणालेच सांगत नाई.

आन् स्टीमवर घेतला तं १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळला असन तं पैसे वापस मागता येतात. म्हणून ते पहिले दोन तास रस्त्यावर भटकण्यात घालवू नका, सीधे गॅरेज उघडण्यापर्यंत पोचा, गाडीले हात लावून पाहा आन् मन नाई भरलं तं तेव्हाच वापस करजा.