खान्देशातून ब्लॉग कसा लिहावा आणि सोशल मीडियाला त्याच्या जागी कसं ठेवावं

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते. सुरतेला नाहीतर पुण्याला संसार थाटलेली एखादी सून त्याच्या आधीच मोबाईलवर ‘कानबाईचे रोट’, म्हणजे तिच्या नैवेद्याचे रोट, शोधू लागते. नाचाच्या रील ढीगभर मिळतात. पण गहू कोणाच्या नावाने किती मुठी घ्यायचे, रोट भाऊबंदांबाहेर कोणाला द्यायचा की नाही, हे नीट लिहिलेलं मुश्किलीने सापडतं. रील आठवड्यात खाली जाते, लिहिलेलं पान मात्र पुढच्या श्रावणातही शोधलं की वर येतं. म्हणून माझा आग्रह असा, की मजकूर ब्लॉगवर लिहा आणि फेसबुक-व्हॉट्सॲप फक्त हाक मारायला वापरा.

विषय लहान धरा

‘खान्देशची खाद्यसंस्कृती’ हा विषय घेऊ नका, तो कोणाला पेलत नाही. भरीत घ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे सगळेच सांगतात. त्याच्या पुढचं सांगा. बामणोद गावचं वांगं बाजारात ओळखायचं कसं? कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या चवीत फरक काय? बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचताना हिरवी मिरची आधी की वांगं आधी? सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी का पुरी? या प्रश्नांची उत्तरं तुमच्या काकूकडे आहेत, इंटरनेटवर नाहीत. शेती करत असाल तर थंडीत केळीवर चरका पडून पानं करपतात तेव्हा तुम्ही बागेत नेमकं काय करता तेवढंच लिहा. तापी खोऱ्यातला दुसरा शेतकरी ते वाचेल.

वाचक किती येतील याची काळजी इतक्यात नको. साने गुरुजी अमळनेरला छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. वाचणारी सगळी वसतिगृहातली पोरं.

लिहायचं कसं

कोरा कागद पाहून हात आखडतो. त्यापेक्षा मोबाईलच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबा, भाषा मराठी ठेवा आणि समोर मावसबहीण बसली आहे असं समजून बोला. मजकूर आपोआप उमटतो. मग निवांत बसून दुरुस्त्या करा, कारण पूर्णविराम कुठेच नसतात.

आपल्या अहिराणी बोलीत लिहिणार असाल तर माइक उपयोगाचा नाही. तो अहिराणीला ओढूनताणून प्रमाण मराठी करतो. हाताने टाइप करा आणि एक लेखन ठरवून घ्या. ‘करी राह्यना’ एकदा आणि ‘करी ऱ्हायना’ पुढच्या ओळीत, असं नको. निवेदन मराठीत आणि माणसांचं बोलणं अहिराणीत ठेवलं तर बाहेरच्या वाचकालाही झेपतं. यावल-रावेरकडची लेवा बोली वेगळी, धुळ्याकडची अहिराणी वेगळी. ‘आमच्याकडे असं म्हणत नाहीत’ म्हणणारा कोणीतरी भेटणारच. म्हणून लेखात आपल्या गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

डीटीपीवाल्याकडून जुना मजकूर आणलात तर तो युनिकोडमध्ये आहे का ते आधी बघा. जुन्या फॉन्टमधला मजकूर मोबाईलवर चित्रविचित्र अक्षरांत दिसतो आणि शोधूनही सापडत नाही.

जागा आणि पत्ता

ब्लॉगर फुकट आहे, गूगलचं खातं असलं की पाच मिनिटांत सुरू होतं. वर्डप्रेसवर सोयी जास्त, पण शिकायलाही जास्त लागतं. पहिल्यांदा करताय तर ब्लॉगर बरं.

इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ब्लॉगर लेखाचा पत्ता शीर्षकातल्या रोमन अक्षरांवरून बनवतं. शीर्षक देवनागरीत असेल तर पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडे, असा होतो. लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये ‘पर्मालिंक’ उघडा, कस्टम निवडा आणि रोमन लिपीत ‘kanbai-rot’ असं काहीतरी टाका. मधे जागा सोडू नका, आडवी रेघ द्या.

फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला लावू नका, तो दाबून लहान झालेला असतो. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फोटो मागा. कानबाईच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, लहान मुलांचे तर नाहीच. जाहिरातींच्या पैशाची आशा सध्या बाजूला ठेवा.

हाक मारा आणि बाहेर पडा

लेख झाला की दुवा दोन ओळींसह गावाच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. पूर्ण लेख तिथे चिकटवू नका. चिकटवलात तर दोन दिवसांत तो तुमचं नाव गळून तुम्हालाच फॉरवर्ड होऊन येईल. मग ॲप बंद करा. किती जणांनी पाहिलं हे दर दहा मिनिटांनी बघणं हा आजारच आहे. रात्रपाळीची लाईट आली, मोटर चालू केली आणि बांधावर बसून पहाटेपर्यंत रील, हे आपल्याकडे सर्रास झालंय. ॲन्ड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आहे, तिथे प्रत्येक ॲपला रोजची वेळ ठरवून देता येते. ग्रुप म्यूट करताना ‘नेहमी’ निवडा आणि फोटो-व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद करा.

फॉरवर्डच्या बाबतीत मात्र मी अजिबात ढिलाई मानत नाही, आणि त्याला कारण आपल्याच भागातलं आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजातली माणसं होती ती. तसल्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. मेसेजवर बाणांची जोडी दिसली की तो अनेक हातांतून फिरून आलाय असं समजा. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाकून बघा, पुष्कळदा तो दुसऱ्याच राज्यातला आणि काही वर्षांपूर्वीचा निघतो. पोलीस, दवाखाना, शाळा यांच्या नावाने आलेलं असेल तर तिथे थेट फोन करून विचारा.

घरातल्या मोठ्या माणसाने खोटं टाकलं तर ग्रुपवर दुरुस्त करायला जाऊ नका. चारचौघांत मान खाली गेली की ते उलट हट्टाला पेटतात. फोन करा. ‘आबा, ते कालचं तुम्ही टाकलेलं खोटं निघालं हो, तुम्हीच काढून टाका’ एवढं पुरतं. वेळ गेल्यावर तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट होत नाही, म्हणून फोन लवकर करा. पैशाची फसवणूक झाली असेल तर मात्र वाट न बघता १९३० वर कळवा.

प्रत ठेवा

ऑर्कुट हे एकेकाळचं सोशल मीडिया २०१४ मध्ये बंद झालं. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या पोरांनी जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. ब्लॉगरही शेवटी परक्याच्याच मालकीचं आहे. सेटिंगमध्ये ‘मॅनेज ब्लॉग’खाली बॅकअपची सोय आहे, तिथून दर महिन्याला फाइल उतरवून घ्या. त्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत, ते वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. आणि घरातल्या कोणा एकाचा ईमेल जोडून त्याला ब्लॉगचा दुसरा ॲडमिन करा, म्हणजे तुमचं खातं अडकलं तरी ब्लॉग उघडता येईल.